गोणपाटातले शंभर दाणे

मिनी दालमिलवरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका वाचकाने बहुस्थानी, म्हणजे अनेक ठिकाणी घेतलेल्या, चाचण्यांवरचा गेला लेख वाचून रोखठोक विचारले आहे, ‘अकोल्याच्या वावरात पिकलं म्हणून आमच्या वावरात पिकते काय?’ प्रश्न रास्त आहे. पैनगंगेकाठची भारी काळी जमीन आणि डोंगरउतारावरची मुरमाड जमीन यांना एकच शिफारस कशी लागू पडेल, ही शंका कोणालाही येईल. पण जमिनीच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे बियाणे. आजचा लेख त्यावरच खर्च करणार आहे.

वाशिमचा खरीप म्हणजे सोयाबीन. ज्वारी-कपाशीच्या या मुलखात त्याने बस्तान बसवले ते मुख्यतः जेएस ३३५च्या जोरावर, आणि हा वाण जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाचा. पीडीकेव्ही यलो गोल्ड, सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे वाण पुष्कळ नंतरचे. वाण बाहेरचा असला तरी तो विदर्भात कसा पेरायचा, किती खोल, किती अंतरावर, एकरी किती, हे इथल्या मातीत करूनच ठरवावे लागते. राज्यातली चारही कृषी विद्यापीठे दरवर्षी संयुक्त बैठकीला बसतात. चाचण्यांचे आकडे तिथे मांडले जातात, त्यांची उलटतपासणी होते आणि मगच शिफारस बाहेर पडते.

अशीच एक शिफारस सगळ्यांना तोंडपाठ आहे: हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे. तिच्या पोटात एक अट दडलेली आहे आणि ती मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. हा आकडा किमान ७० टक्के उगवणशक्ती गृहीत धरतो. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पेरलेले बी तपासलेले असते. आपल्या घरातले असते का?

सोयाबीनचे बी अतिशय नाजूक. टरफल पातळ, आणि अंकुर त्या टरफलाच्या अगदी लगत. मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले, पोते उंचावरून आदळले, थप्पी फार उंच रचली, की दाणा वरून साजरा दिसतो आणि आतून मेलेला असतो. त्यात ऑक्टोबरात काढलेले बी विदर्भाचा उन्हाळा सोसून जूनपर्यंत जगवायचे. २०१९ला सोंगणीच्या दिवसांतच पावसाने पीक भिजवले आणि २०२०च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातून बी न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत, मजुरी सगळेच दुसऱ्यांदा, आणि हातची ओल गेलेली.

यावरचा उपाय घरातच आहे आणि मला तो फार आवडतो. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरायचा. पोत्याच्या वरचे, मधले आणि तळाचे बी एकत्र करून त्यातले न निवडता शंभर दाणे घ्यायचे, दहा-दहाच्या ओळीत बोटभर अंतराने मांडायचे. वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडून मोजायचे. मोड आला म्हणून प्रत्येक दाणा जमेला धरायचा नाही. मूळ आणि कोंब दोन्ही धडधाकट हवेत. बी आधी पाण्यात भिजत घालू नये. सोयाबीन पाणी झपाट्याने ओढते आणि त्यातच फुटते. प्रयोगशाळेतही कागदाच्या घड्यांत बी ठेवून असेच मोजतात. फक्त तिथे चारशे दाणे असतात आणि तापमान नेमके राखलेले असते. म्हणून घरीही ही चाचणी दोन-तीनदा करावी.

सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो. पासष्ट आले तर साडेबत्तीस, म्हणजे दर टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचे. साठच्या खाली गेले तर ते बी पेरू नये. सोयाबीन स्वपरागित असल्याने चांगला वाण दोन-तीन वर्षे घरचाच वापरता येतो आणि दरवर्षी नवी बॅग घेण्याचा खर्च वाचतो. त्या बचतीची किंमत हे शंभर दाणे.

आता वाचकाच्या प्रश्नाचा उरलेला भाग, जमिनीचा. रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणांहून जी प्रात्यक्षिके शेतकऱ्यांच्याच शेतात होतात, ती नेमकी याचसाठी. शेजारी शेजारी दोन तुकडे, एकात शिफारस आणि एकात नेहमीची पद्धत. मात्र दोन्हीकडे बी तपासलेले नसेल, तर दिसणारा फरक जमिनीचा की बियाण्याचा, हे सांगता येत नाही.

आणि इथेच मला विद्यापीठाकडे एक मागणे मांडायचे आहे. मे महिन्यात गावोगाव गोणपाटे उघडली जातात, दाणे मोजले जातात आणि तो आकडा त्या घरातच राहतो. कोणत्या गावात, कोणत्या वाणाचे, कसे साठवलेले बी किती उगवले, याची नोंद सहायक कृषी अधिकाऱ्यांमार्फत अकोल्याला पोहोचली, तर कुठे बियाणे कमी पडणार हे पेरणीआधीच कळेल. येत्या मेपासून एखाद्या तालुक्यात हे सुरू करून पाहावे, आणि तो तालुका मालेगाव असावा.