आपण कुठे उभे आहोत? शेलच्या प्रॉम्प्टविषयी थोडेसे

कोकण रेल्वेने रात्रीचा प्रवास करणाऱ्याला एक सवय लागते. गाडीचा वेग मंदावला, की खिडकीतून पिवळी पाटी शोधायची. भोके, रत्नागिरी की निवसर? नाव नीट वाचता आले की मगच बॅगेला हात घालायचा. पाटीच नसलेल्या फलाटावर निव्वळ अंदाजाने उतरायला कोणी तयार होणार नाही. संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून काम करताना मात्र आम्ही नेमके हेच करत होतो, आणि एकदा त्याची किंमत मोजली.

रत्नागिरीजवळच्या एका शाळेत जुन्या, देणगी म्हणून मिळालेल्या संगणकांवर लिनक्स बसवून आम्ही एक छोटी प्रयोगशाळा उभी केली होती. मुलांचे सगळे काम एका मुख्य यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर साठवले जाई. नववीच्या मुलांनी जूनपासून सप्टेंबरपर्यंत शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाचे आकडे रोज सकाळी घेऊन 'पाऊस' नावाच्या फोल्डरमध्ये भरले होते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा आकड्यांना काही तोटा नव्हता! सत्र संपल्यावर एका साध्या यंत्रावरचा सरावाचा 'पाऊस' फोल्डर पुसून टाकायचा होता. पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक त्या यंत्राची, दुसरी सर्व्हरला जोडलेली. दोन्हींत ओळीच्या सुरुवातीला फक्त एक $ होता. आम्ही पुसण्याची आज्ञा दिली ती चुकीच्या खिडकीत. फोल्डर पुसणारी 'आरएम' ही आज्ञा सहसा 'नक्की ना?' असे विचारत नाही, आणि तिने पुसलेले कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही. एका मुलीने सगळे आकडे वहीतही लिहून ठेवले होते म्हणून निभावले. ते पुन्हा भरायला दोन शनिवार गेले.

चूक आमचीच, आणि तीही दुहेरी. मुळात त्या यंत्रांवर $ च्या आधी बरेच काही दिसत असे. नवख्या मुलांना ते अगम्य वाटेल म्हणून आम्हीच ते काढून टाकले होते. काढून टाकलेला तो मजकूर काय होता आणि तो कसा घडवता येतो, हे या लेखात पाहू.

संगणकाला आज्ञा टंकून देता येतात. त्या वाचणारा आणि अमलात आणणारा जो कार्यक्रम असतो, त्याला शेल म्हणतात. यंत्रणेच्या गाभ्याभोवतीचे हे कवच. हे नाव १९६०च्या दशकात मल्टिक्स या यंत्रणेच्या कामाच्या वेळी लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने रूढ केले. शेल आज्ञेची वाट पाहत असतो तेव्हा ओळीच्या सुरुवातीला जी खूण दाखवतो, ती म्हणजे प्रॉम्प्ट. हा शब्द आपल्याला नवा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना गेलेल्या कोणालाही विंगेत वही घेऊन उभा असलेला प्रॉम्प्टर ठाऊक असतो. 'आता तुमचे वाक्य' एवढेच तो सुचवतो. संगणकाचा प्रॉम्प्टही आधी एवढेच सांगत असे: माझे झाले, आता तुम्ही बोला. आपण कुठे आहोत हे सांगण्याचे काम त्याच्याकडे नंतर आले.

ज्यांनी डॉसवर संगणक शिकला त्यांना 'ए>' आठवत असेल. त्यात फक्त डिस्कचे नाव होते. 'प्रॉम्प्ट $पी$जी' अशी आज्ञा दिली, की डिस्कच्या नावापुढे फोल्डरचाही पत्ता दिसू लागे. त्यात एक गंमत होती. हा पत्ता दाखवण्यासाठी डॉस दर वेळी डिस्क वाचायला जाई, आणि तेवढ्यात कोणी फ्लॉपी काढून घेतली असेल तर साधा प्रॉम्प्ट दाखवण्याऐवजी त्रुटीचा संदेश देत अडून बसे. विंडोजच्या कमांड खिडकीत ही आज्ञा आजही चालते. तेथे 'प्रॉम्प्ट $टी$जी' असे लिहिले तर पत्त्याऐवजी घड्याळातील वेळ दिसते.

युनिक्समध्ये स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. प्रॉम्प्टचा मजकूर त्यात पीएस१ नावाच्या एका चलात ठेवलेला होता. बीजगणितातील क्ष सारखेच हे चल. त्याची किंमत बदलली की प्रॉम्प्ट बदलतो. साध्या वापरकर्त्याला $ आणि सर्वाधिकार असलेल्या 'रूट' या वापरकर्त्याला # दाखवण्याचा प्रघातही त्याच परंपरेतला. लिनक्सवर आज बहुतेक ठिकाणी जो बॅश शेल असतो, तो ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यानेही पीएस१ तसेच ठेवले आणि त्यात भरायला खास संकेत दिले.

हे संकेत लिहिण्याआधी एक खुलासा. या लेखात रोमन अक्षरे व अंक आम्ही नागरीत लिहिले आहेत. यंत्रावर ते रोमनमध्येच टंकायचे. पीएस ही अक्षरे मोठ्या लिपीत, बाकी सगळी लहान लिपीत. बरोबरीच्या चिन्हाच्या आगेमागे मोकळी जागा सोडायची नाही.

पीएस१='\यू@\एच:\डब्ल्यू\$ '

उलट्या तिरक्या रेघेमागून आलेले प्रत्येक अक्षर म्हणजे एक रिकामी जागा आहे. प्रॉम्प्ट दाखवताना शेल ती भरतो. \यू च्या जागी वापरकर्त्याचे नाव येते, \एच च्या जागी यंत्राचे नाव, \डब्ल्यू च्या जागी आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्याचा पूर्ण पत्ता, आणि \$ च्या जागी साध्या वापरकर्त्याला $ तर रूटला #. मधले @ आणि : जसेच्या तसे उमटतात. म्हणून पडद्यावर 'नववी@मांडवी:~/पाऊस$' असे काहीसे दिसते. ~ म्हणजे त्या वापरकर्त्याचे घर. पत्ता फार लांबत असेल तर मोठ्या लिपीतला डब्ल्यू वापरावा, म्हणजे फक्त शेवटच्या फोल्डरचे नाव दिसते. आम्ही मात्र पूर्ण पत्त्याच्याच बाजूने आहोत. 'पाऊस' नावाचे फोल्डर दोन असू शकतात, हे अनुभवाने शिकलो आहोत.

हा बदल ती खिडकी बंद होईपर्यंतच टिकतो. त्यामुळे मुलांना हवे ते करून पाहू द्यायला हरकत नाही. प्रॉम्प्ट कितीही बिघडला तरी नवी खिडकी उघडली की जुना परत येतो.

पुढची गोष्ट जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. मागची आज्ञा यशस्वी झाली की नाही, हे शेल $? या चलात एका अंकाने नोंदवतो. शून्य म्हणजे काम झाले, दुसरा कोणताही अंक म्हणजे काही अडले. अस्तित्वातच नसलेली आज्ञा टंकली तर १२७ मिळतात. हा अंक प्रॉम्प्टमध्ये घेता येतो:

पीएस१='$? \डब्ल्यू\$ '

आता हीच ओळ एकेरी अवतरणचिन्हांऐवजी दुहेरीत लिहून पाहा. मग कितीही चुकीच्या आज्ञा दिल्या तरी प्रॉम्प्ट पहिला अंक सोडत नाही. बहुधा शून्यावरच बसून राहतो. असे का व्हावे? दुहेरी अवतरणात $? ची किंमत ओळ लिहिण्याच्या क्षणीच काढली जाते आणि तो अंक कायमचा गोठतो. एकेरी अवतरणात ती चिन्हे न उलगडता तशीच ठेवली जातात, आणि प्रॉम्प्ट दाखवताना दर वेळी त्यांची किंमत नव्याने काढली जाते. भिंतीवर 'आजची तारीख' असे शब्द लिहिणे आणि आजची तारीख लिहिणे यांत जो फरक आहे, तोच हा. मूल्य केव्हा काढायचे हा संगणकशास्त्रातला मोठा प्रश्न आहे. आठवी-नववीच्या मुलांना तो एका अवतरणचिन्हाच्या फरकाने डोळ्यांनी पाहता येतो. आमच्या मते प्रॉम्प्ट शिकवण्याचे हे एकच कारणसुद्धा पुरे आहे.

रंगाचे प्रकरण थोडे किचकट आहे. सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल करायचा तर अशी ओळ लागते:

पीएस१='\[\ई[३१एम\]\यू@\एच\[\ई[०एम\]:\डब्ल्यू\$ '

\ई[३१एम हा पडद्याला दिलेला 'यापुढे लाल' असा निरोप, तर \ई[०एम हा 'पूर्ववत' असा. हे निरोप पडद्यावर उमटत नाहीत, म्हणून जागाही व्यापत नाहीत. पण शेलला ते कसे कळावे? ओळ कुठे संपते हे ठरवण्यासाठी तो अक्षरे मोजत असतो. न दिसणारी अक्षरेही त्याने मोजली, तर लांब आज्ञा टंकताना मजकूर खालच्या ओळीवर जाण्याऐवजी त्याच ओळीवर पुन्हा चढतो आणि सगळा गिचमिडकाला होतो. \[ आणि \] ही जोडी शेलला सांगते, की यांच्या मधले मोजू नकोस. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आपण एका यंत्रावरून दुसऱ्याला जोडून घेतो तेव्हा दिसणारा प्रॉम्प्ट त्या दुसऱ्या यंत्रावरच्या शेलने दाखवलेला असतो. म्हणून लाल रंगाची ओळ सर्व्हरवर लिहायला हवी, आपल्या समोरच्या यंत्रावर नव्हे.

अशी चूक नवशिक्यांचीच होते असे नाही. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा एक अनुभवी अभियंता दुय्यम सर्व्हरवरची माहिती पुसायला गेला आणि आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. दोन्ही यंत्रांच्या नावांत फरक होता तो एका अंकाचा. एकदोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने आज्ञा थांबवली, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच उरले होते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचे परत मिळाले. त्या सहा तासांतली नोंद गेली ती गेलीच. कंपनीने सगळा प्रकार उघडपणे प्रसिद्ध केला. सुधारणांच्या यादीत नकलांची व्यवस्था वगैरे मोठ्या गोष्टींबरोबर एक छोटी नोंद होती: सर्व यंत्रांवरचा पीएस१ असा बदलावा, की कोणते यंत्र आहे ते स्पष्ट कळेल.

ते वाचून आम्ही यंत्रांची नावेही बदलली. पूर्वी ती एक, दोन, तीन अशी होती. आता मांडवी, भाट्ये, पावस, जयगड आहेत. मिऱ्या हे नाव सुचले होते, पण ते मांडवीप्रमाणेच म ने सुरू होते म्हणून सोडले. दमलेला डोळा पहिले अक्षर पाहतो आणि पुढचे गृहीत धरतो.

नागरीचा प्रश्न मराठी शाळेत येणारच. लिनक्सवर फोल्डरला नागरी नाव देता येते. जिल्ह्याच्या नावाचा फोल्डर आणि त्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर असे नऊ तालुके मुलांकडून करून घ्यावेत. एकातून दुसऱ्यात जाताना प्रॉम्प्टमधला पत्ता बदलताना दिसतो. मग विचारावे, 'रत्नागिरी' या शब्दात अक्षरे किती? मुले चार म्हणतात: र, त्ना, गि, री. संगणक मात्र पाय मोडण्याचे चिन्ह आणि प्रत्येक मात्रा वेगळी धरतो, म्हणून त्याची नऊ चिन्हे होतात. यूटीएफ-८ या पद्धतीत नागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २७. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते. त्यामुळे रोमनमध्ये २५५ अक्षरांचे नाव बसते, नागरीत ८५ चिन्हांचे.

यातूनच एक अडचण निघते. हा काळा पडदा सारख्या रुंदीच्या चौकटींचा बनलेला आहे. जोडाक्षरे आणि मात्रा त्या चौकटींत नेमक्या बसत नाहीत, म्हणून कित्येकदा शेलच्या मते कर्सर एके ठिकाणी असतो आणि आपल्याला दुसरीकडे दिसतो. यावर आम्हाला सापडलेला उपाय साधा आहे. पत्त्यानंतर \एन लिहावे, म्हणजे तेथे ओळ तुटते, आणि \$ नव्या ओळीवर येतो:

पीएस१='\यू@\एच:\डब्ल्यू\एन\$ '

पत्ता वरच्या ओळीवर कसाही दिसो, आज्ञा स्वच्छ ओळीवर टंकता येते.

आवडलेला प्रॉम्प्ट कायम ठेवायचा असेल तर ती ओळ घरच्या फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' या फाइलच्या शेवटी लिहावी. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ही फाइल सहज दिसत नाही. बदलण्याआधी तिची एक नक्कल मात्र जरूर करून ठेवावी. मॅकवर २०१९ पासून झेडशेल हा वेगळा शेल असतो. कल्पना तीच, पण तेथे संकेत तिरक्या रेघेऐवजी % ने सुरू होतात.

पीएस२ नावाचाही एक प्रॉम्प्ट आहे. आज्ञा अपुरी राहिली, उदाहरणार्थ अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले, तर पुढच्या ओळीवर नुसता > येतो. मुले समजतात यंत्र अडकले, आणि सरळ वीज बंद करतात! खरे तर कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की सुटका होते. आमच्या एका विद्यार्थ्याने पीएस२ मध्ये 'अवतरण विसरलास का? ' असे लिहून ठेवले आहे. दिवसातून तीनचार वेळा तरी ते पडद्यावर येते.