एकवीस दिवसांचं एवढं काय घेऊन बसलात?

"इक्कीस दिन की तो बात है!" हैदराबादच्या अंबरपेठेतल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरच्या मीटिंगमध्ये असं म्हणून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या मोहिमेचा नारळ फोडला. एक प्रशिक्षक आले, हिरवे-निळे डबे आले, मजल्यामजल्याची टीम झाली, बक्षीसही ठरलं. तिसऱ्या आठवड्यात कचऱ्याच्या ऑटोवाल्याला काहीच निवडावं लागेना. फोटो निघाले. आणि दोन महिन्यांत निळ्या डब्यात सांबार-भात दिसू लागला. मी विषय काढला, तर उत्तर तयार होतं : "आपण तर २१ दिवस पूर्ण केले होते. लोकांनाच सवय लावून घ्यायची नाही."

हे २१ दिवस मी ऑफिसच्या कार्यशाळेत ऐकलेत, पालकसभेत ऐकलेत, लग्नाच्या पंगतीतही ऐकलेत. आकडा आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. १९६० साली त्यांनी 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात आपलं एक निरीक्षण मांडलं. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे सांगोवांगी 'साधारण' गेलं, 'किमान' गेलं, चेहराही गेला. आरशात नवं नाक बघण्याची मुदत आम्ही भाजीची देठं हिरव्या डब्यात टाकण्याला लावली!

सवय लागायला किती दिवस लागतात, याचं प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ते २०१० साली छापून आलं. ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक साधी सवय निवडली आणि ती १२ आठवडे पाळण्याचा प्रयत्न केला. ज्यांच्या सवयीचा आलेख नीट बसला, त्यांच्यातल्या मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. सर्वांत चटपटीत माणसाला १८, तर सर्वांत सावकाश गड्याला २५४. हा शेवटचा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला आहे, कारण अभ्यासच मुळी ८४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. म्हणजे आमच्या मोहिमेच्या तक्त्यावर एक फुली पडताच "तुमची साखळी तुटली" म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ज्यांनी रडवलं, त्यांनाही आधार नव्हता.

आणि हे सगळं एकट्या माणसाच्या सवयीचं झालं. टीमचं गणित निराळं असतं. माणसं बदलतात, भाडेकरू जातात, सुपरवायझरची बदली होते. नव्या माणसाला जुन्या २१ दिवसांशी काय घेणं?

मग प्रशिक्षक आणखी काही महिने ठेवला तर? तेही पाहून झालंय. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत 'बेटरबर्थ' हा मोठा प्रयोग झाला. २०१७ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो आहे. निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची तपासयादी दिली आणि ती वापरायला शिकवणारे मार्गदर्शक आठ महिने येत राहिले. दुसऱ्या महिन्यात तिथे ठरलेल्या कृतींचं पालन ७३ टक्के होतं, इतर केंद्रांत ४२. मार्गदर्शक थांबल्यावर चार महिन्यांनी ते ६२ आणि ४४. काही टिकलं, काही ओसरलं. आणि मुख्य मुद्दा असा, की माता आणि बाळांच्या मृत्यूंत व गंभीर गुंतागुंतींत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

टिकलं ते मिशिगनमध्ये. तिथल्या अतिदक्षता विभागांत रक्तवाहिनीतल्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग रोखायचा प्रकल्प झाला. नळीच्या दर १,००० दिवसांमागे ७.७ असलेलं सरासरी प्रमाण दीड वर्षात १.३ वर आलं आणि तीन वर्षांनीही १.१ होतं. तिथल्या टीमना सांगितलं होतं, की नवा कर्मचारी रुजू होताना त्याला ही पद्धत शिकवा, संसर्गाचा आकडा दर महिन्याला गोळा करा आणि ज्यांनी बघायला हवा त्यांच्यापुढे ठेवा. काम कंटाळवाणंच. याचा कुणी फोटो काढत नाही.

आमच्या बाग अंबरपेठेतल्या बतुकम्मा कुंटा या तळ्याकडे मी आता याच नजरेने बघतो. जुन्या नोंदींत १४ एकरांची असलेली ही कुंटा भराव पडून बुजली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'हायड्रा' या सरकारी यंत्रणेने ती उकरायला घेतली आणि सप्टेंबरअखेर, बतुकम्मा सणाच्या दिवसांतच, उरलेल्या पाचेक एकरांत पाण्यासह ती लोकांना खुली झाली. उकरायला काही महिने पुरले. पण बुजताना ती एका रात्रीत थोडीच बुजली होती? आत येणाऱ्या पाण्यावर आणि काठावरच्या कचऱ्यावर दर महिन्याला कुणाची नजर असेल, त्यावर पुढचं ठरेल.

बाकीचे समज उभ्या उभ्या उरकतो. "बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतातच" : व्यवस्थापनतज्ज्ञ हॅमर आणि चॅम्पी यांनी १९९३ साली मांडलेला ५० ते ७० टक्क्यांचा तो अंदाज होता, अशास्त्रीय असल्याचं त्यांनीच लिहिलंय. "बक्षीस लावलं की काम टिकतं" : २०१६ ला तीन तालुक्यांत जलसंधारणाची 'वॉटर कप' स्पर्धा सुरू करणाऱ्या पाणी फाउंडेशनलाही ४५ दिवसांच्या श्रमदानानंतर १८ महिन्यांच्या 'समृद्ध गाव' स्पर्धेकडे वळावं लागलं. "चांगला प्रशिक्षक असला की पुरे" : तो गेल्यावर नोंदींची वही कुणाच्या हातात, एवढं विचारून बघा.

आमच्या सोसायटीत ती वही आता वॉचमनच्या खोलीत असते. भाडेकरू सामान चढवत असतानाच त्याला डबे दाखवायचे आणि वहीत सही घ्यायची, असं ठरलंय. मागच्या महिन्यात दोन सह्या झाल्या, एक राहिली. सेक्रेटरी पाणीबचतीची मोहीम आखतायत. किती दिवसांची, ते मी विचारलेलं नाही.