पडद्यावरची शक्ती (भाग ६) : दगड गेला, विवर राहिलं

गेल्या आठवड्यात आपण टेसरॅक्टपर्यंत आलो होतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६६ साली कॉमिकमध्ये आणलेल्या ‘कॉस्मिक क्यूब’चा पुढे सिनेमात निळा झगझगीत ठोकळा कसा झाला, ते पाहिलं. आज अशा सगळ्याच वैश्विक वस्तूंचा हिशेब मांडू. त्यासाठी जायचं आहे बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला. अवकाशातून आलेली वस्तू खरोखर काय करते, याचा पुरावा तिथे उघड्यावर पडलेला आहे.

कॉमिकवाल्यांचा कायदा तीन कलमांचा आहे. एक, वस्तू आकाशातून किंवा विश्वाच्या आरंभापासून आलेली असते. दोन, शक्ती तिच्या पोटात साठवलेली असते. तीन, ती ज्याच्या हाती त्याची सत्ता. १९४० सालच्या पहिल्या ग्रीन लँटर्नचा कंदील उल्केच्या धातूचा होता. ‘ब्लॅक पँथर’मधल्या वकांडाची सगळी श्रीमंती उल्केतून आलेल्या व्हायब्रेनियम धातूवर उभी आहे. जिम स्टारलिनने लिहिलेल्या १९९१ च्या ‘इन्फिनिटी गाँटलेट’मध्ये तर सहा रत्नं एका हातमोज्यात बसतात, खलनायक थॅनॉस चुटकी वाजवतो आणि विश्वातली निम्मी जीवसृष्टी नाहीशी होते.

आता ही तिन्ही कलमं लोणारला लावून बघू.

पहिलं कलम टिकतं. लोणारचं विवर उल्कापातानेच झालं. पण हे सिद्ध व्हायला दीडशे वर्षं गेली. ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. विवराभोवती सगळा दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे ज्वालामुखीचा बेसाल्ट. त्यामुळे हेही ज्वालामुखीचंच तोंड असणार, असं पुष्कळांनी धरून चाललं. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांना १८९६ मध्ये अॅरिझोनाच्या विवराशी लोणारचं साम्य दिसलं, तरी त्यांचा कौल ज्वालामुखीकडेच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तळ्याच्या तळाशी छिद्रं पाडून आतले नमुने वर काढले गेले. १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि वाद मिटला.

निकाल लावला तो मॅस्केलिनाइट नावाच्या काचेने. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज असतं. या दगडाचा कागदाइतका पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली, दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांच्या मधे ठेवला आणि हळूहळू फिरवला, की खनिजाचे पट्टे एकदा उजळतात, एकदा काळवंडतात. लोणारच्या काही कापांत मात्र पट्ट्यांचा आकार शाबूत, पण काप कसाही फिरवा, ते काळेच राहतात. स्फटिक न वितळता आतल्या आत काच झालेला असतो. त्यासाठी वातावरणाच्या सुमारे तीन लाख पट किंवा त्याहून जास्त दाब लागतो, तोही एका क्षणात. कुठल्याही ज्वालामुखीला हे साधत नाही. हीच काच पहिल्यांदा ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरून आलेली होती, हे पुढे कळलं.

दुसरं कलम इथे मोडतं. लोणारला आलेल्या दगडाच्या पोटात काही नव्हतं. शक्ती होती ती त्याच्या वेगात. अशा वस्तू पृथ्वीवर आदळतात तेव्हा सेकंदाला वीसेक किलोमीटर हा वेग नवलाचा नसतो. बुलडाणा शहर ते लोणार हे हवाई अंतर सत्तरेक किलोमीटर धरलं, तर हा प्रवास साडेतीन सेकंदांत संपेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शाळेतलंच सूत्र लावा : या वेगाने येणाऱ्या एक किलो साध्या दगडात वीस कोटी ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सुमारे ४८ किलो टीएनटीएवढी. स्वतःच्या वजनाच्या अठ्ठेचाळीस पट स्फोटकं! दगड लोखंडाचा की मातकट, याने यात फरक पडत नाही. काही दशक मीटरांच्या दगडाने सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पाडलं, ते याच हिशेबाने. वस्तू तिरकी येऊनही विवर गोल होतं, कारण ते खणलं जात नाही, स्फोटाने उडतं.

आणि तिसरं कलम? ते तर लागूच होत नाही, कारण हाती घ्यायला दगडच उरला नाही. आदळल्याबरोबर धक्क्याची लाट जशी जमिनीत शिरली तशीच दगडातही उलटी शिरली, आणि तो बहुतांशी वितळून, वाफ होऊन गेला. मागे राहिल्या त्या खुणा. विवराच्या परिसरातल्या काचेच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमियम बेसाल्टच्या मानाने जास्त सापडतं. तीच पाहुण्याची सही.

मग ‘उल्केची वस्तू’ माणसाच्या हाती कधी आलीच नाही का? आली. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधरजवळ लोखंडी उल्का पडली. जहांगीर बादशहाने तिच्यापासून तलवारी, खंजीर आणि सुरी घडवून घेतली. उल्केचं लोखंड हातोड्याखाली टिकेना, म्हणून तीन भाग उल्का आणि एक भाग साधं लोखंड असं मिश्रण करावं लागलं. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. ती उल्का शाबूत राहिली, कारण ती लहान होती आणि हवेने तिचा वेग आधीच खाऊन टाकला होता. नियम असा निघतो : ज्या दगडात शक्ती असते तो उरत नाही, आणि जो उरतो त्यातली शक्ती गेलेली असते. थॅनॉसला दोन्ही एकदम हवं होतं. भौतिकशास्त्र त्याला फार तर जहांगीराची सुरी देईल.

लोणारची स्वतःची कथा या बाबतीत कॉमिकपेक्षा शहाणी वाटते. तिच्यात आकाशातला दगड नाहीच. लोणासुर जमिनीखाली दडून लोकांना छळत होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याच कथेचं. कथेचा रोख खड्ड्यावर आहे, आणि अभ्यासकांनाही अखेर खड्डाच वाचावा लागला. मोठ्या मारुतीची मूर्ती चुंबकीय दगडाची, उल्केचीच, असं गावात सांगतात. पण होकायंत्राची सुई हलली म्हणून दगड आकाशातला ठरत नाही. आपल्या काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइट असतं.

विवराने माणसाला दिलं ते वेगळंच. बाहेर पडायला वाट नसलेल्या या तळ्याचं पाणी आटत आटत क्षारीय झालं. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. ‘ऐन-इ-अकबरी’त मेहकर सरकारच्या, म्हणजे त्या वेळच्या मोगली जिल्ह्याच्या, नोंदीत इथे काच आणि साबणाला लागणारं सगळं मिळतं, असा उल्लेख आहे. पुढे डल्ला, खप्पल, पापडी अशा नावांनी इथला खार विकला गेला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. चंद्रावरची काळी मैदानं आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच आहे. म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात. बेसाल्टमध्ये झालेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं नाही.

त्याचं वय मात्र अजून वादात आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीने ५ लाख ७० हजार. हा वाद सुटेल तो तिथल्याच काचेतून आणि खड्यांतून. म्हणून एक विनंती. लोणारला जरूर जा, काठावरून खाली उतरा, पण ‘उल्केचा तुकडा’ म्हणून काही खिशात घालू नका आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. उल्का तिथे नाहीच. आणि जी काच आहे, ती कुठे सापडली हे कळलं तरच तिचा उपयोग. तुमच्या घरातल्या कपाटात ती नुसती काच.

(पुढच्या आठवड्यात : क्रिप्टोनाइट आणि किरणोत्सर्ग)