अरबी समुद्रातील कंदीलमासा : बेंथोसेमा टेरोटमचे जीवशास्त्र व वितरण

कोकण किनाऱ्यावरील मासळीबाजारात सहसा न दिसणारा एक मासा अरबी समुद्रात अफाट संख्येने वास करतो. मिक्टोफिडी कुलातील सुमारे २५० जातींपैकी बेंथोसेमा टेरोटम ही ती जाती होय. बंगालच्या उपसागरातील नमुन्यांवरून ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ आल्कॉक यांनी १८९० मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. पूर्व आफ्रिकेपासून जपान व ऑस्ट्रेलियापर्यंत खंडान्त उताराच्या परिसरात ती आढळते. मात्र तिची सर्वाधिक दाटी ओमानच्या आखातात व उत्तर अरबी समुद्रात आहे.

माशाची लांबी अवघी चार ते पाच सेंटिमीटर आणि आयुष्य जेमतेम एक वर्षाचे असते. शरीराच्या अधर भागावर दीप्तिपिंडांच्या ओळी असतात. त्यांतून निघणारा निळसर प्रकाश वरून झिरपणाऱ्या मंद उजेडाशी मिळून जातो व खालून पाहणाऱ्या भक्षकास माशाची सावली दिसत नाही. प्रकाशाचा उपयोग लपण्यासाठी व्हावा, हे काहीसे विलक्षणच!

दिवसा हे मासे सुमारे १३० ते ३०० मीटर खोलीवर असतात व सूर्यास्तानंतर कोपेपॉडांसारखे प्राणिप्लवक खाण्यासाठी पृष्ठभागाजवळ येतात. अरबी समुद्रात साधारणतः १५० ते १००० मीटर खोलीदरम्यान प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असते. पुष्कळ भक्षकांना तेथे टिकाव धरणे कठीण जाते. कंदीलमाशास मात्र तोच थर दिवसाचा आश्रय ठरतो. वर खाल्लेल्या अन्नातील कार्बनचा काही अंश श्वसन व उत्सर्जनाद्वारे खोल पाण्यात पोहोचतो.

‘डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन’ या नॉर्वेजियन जहाजाने १९७५-७६ मध्ये केलेल्या ध्वनी-सर्वेक्षणांच्या आधारे अरबी समुद्रातील अशा माशांचा साठा सुमारे १० कोटी टन असावा, असा अंदाज १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारताचे वार्षिक सागरी मत्स्योत्पादन सुमारे ३५ लाख टन आहे, हे ध्यानी घेता हा आकडा मोहात पाडणारा आहे. तथापि तो प्रतिध्वनीवरून काढलेला आहे. वाताशय नसलेला मासा कमी ध्वनी परतवितो, तर वाताशय असलेले इतर जीव अंदाज फुगवू शकतात. मत्स्यपीठ व तेलासाठी या माशाचा विचार वारंवार होतो. कूपा, माकूल व डॉल्फिन यांचे तो खाद्य आहे. त्यामुळे आज किनाऱ्यावर उतरणाऱ्या कुप्याच्या उत्पन्नाचा प्रश्नही या मासेमारीच्या हिशेबात धरावा लागतो.