फीमाफी आणि स्पेशल विषय

बारावीचा निकाल लागला तेव्हा महाविद्यालय कसे निवडावे हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तालुक्याच्या एका महाविद्यालयाने ७५ टक्क्यांवरच्या मुलांना फी माफ केली होती. "फी माफ म्हणजे काम झालं," दादा म्हणाले. मला मात्र भूगोल घ्यायचा होता, आणि तिथे भूगोल फक्त पहिल्या वर्षापुरता.

इथेच पुष्कळांची फसगत होते. आमच्या विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक 'मेजर' करायचा. (आमचे सर अजून 'स्पेशल'च म्हणतात.) माहितीपत्रकात विषयाचे नाव आहे म्हणजे तो तिसऱ्या वर्षापर्यंत शिकवतात असे नाही. प्रात्यक्षिकाच्या जागा किती, मुले कमी आली तर वर्ग चालतो का, हे कार्यालयात जाऊन विचारावे. कारकून कंटाळतात, पण सांगतात.

आता पैशांचे. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेची फी मुळातच बेताची. खरा खर्च खोलीचा, मेसचा आणि एस.टी.चा. मासिक पासात विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत असते, तरी रोजचे चार तास जातात ते जातातच. आम्ही वर्षाचा खर्च खताच्या पावतीमागे मांडला. मग माफीचे पत्र पुन्हा वाचले, तेव्हा 'प्रथम वर्षासाठी' हे शब्द दिसले. दादांना वाचता येत नाही, आणि मी घाईत वाचले होते.

केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती वेगळी. ती विद्यार्थ्याबरोबर जाते, कॉलेजला बांधलेली नसते. बारावीला आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर गुण आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे. पदवीची तीन वर्षे दरसाल १२,००० रुपये मिळतात. अर्ज पहिल्या वर्षीच करायचा; पुढे ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी राखावी लागते. मला ती मिळाली, पण पैसे खात्यावर आले तोवर मेसचे बिल थकले होते आणि आईने शेळी विकली होती. शिष्यवृत्ती धरूनच हिशेब करणाऱ्यांनी पहिल्या सहा महिन्यांची सोय वेगळी पाहावी.

मी इथे आलो. यंदा भूगोल स्पेशल मिळाला. दिवाळीच्या सुटीत दादांना आमच्या भागाचा सर्वेक्षण नकाशा दाखवला. ओढा त्यांनी बोटाने लगेच शोधला, आणि पाटलांची विहीर चुकीच्या बाजूला काढली आहे म्हणाले.