आजीची मांडी आणि बाळाचे आसन

गेल्या उसाच्या हंगामातील गोष्ट. आम्ही सारे कुटुंबीय कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावर दर्शनासाठी गेलो होतो. परतीच्या वाटेवर दिवस कलला होता. सूर्यास्तापूर्वी सांगलीस पोहोचून जेवणे आटोपावीत, म्हणून सर्वांनाच थोडी घाई होती. मुलगा गाडी चालवीत होता. त्याच्या शेजारी, पुढच्या आसनावर मी बसले होते आणि माझ्या मांडीवर दीड वर्षाचा नातू होता.

एका वळणापलीकडे उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. मुलाने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या क्षणी माझे दोन्ही हात बाळाभोवती घट्ट होते. तरीही ते माझ्या मिठीतून निसटले आणि त्याचे तोंड डॅशबोर्डवर आदळले.

वरचा ओठ फाटला होता. दोन टाके पडले. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, ‘‘एवढ्यावर निभावले, हे समजा.’’ गाडीला कुठे ओरखडाही नव्हता. टक्कर झालीच नव्हती. केवळ ब्रेक लागला होता.

घरी आल्यावर सूनबाई काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच मला अधिक लागले. कारण तिच्या भावाने बारशाला पाठविलेली कार सीट खोक्यासकट आमच्या माळ्यावर पडून होती. ‘‘आई, बाळाला तिच्यात बसवू या का?’’ असे तिने दोनदा विचारले होते. ‘‘आजीची मांडी असताना खुर्ची कशाला?’’ असे उत्तर मीच दिले होते.

मिठीचे बळ आणि काट्यावरचे वजन

आमचे घर हळदीच्या आडतीचे. पोत्याचे वजन हाताने उचलून सांगणारे अनुभवी हमाल पेढीवर आहेत. पण त्यांच्या अंदाजावर आम्ही कधी पट्टी केली नाही. माल काट्यावर चढतो, मगच आकडा वहीत उतरतो. नातवाच्या बाबतीत मात्र मी केवळ हाताच्या अंदाजावर विसंबले. म्हणून त्या रात्री मुलाला जवळ बसवून हा हिशेब काट्यावर मांडला.

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ती सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर कापते. आतील माणसेही त्याच वेगाने पुढे जात असतात. गाडी कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर प्रत्येकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे चौदापट बल येते. १० किलोचे बाळ त्या क्षणी १४० किलोचे होते. म्हणजे पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती, तीही समोरून कोणीतरी फेकलेली. ती छातीशी धरून ठेवणे कोणत्या आईला वा आजीला शक्य आहे? हाच आघात वेगळ्या रीतीने सांगायचा, तर तो सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग दुप्पट झाला, तर आघाताची ऊर्जा चौपट होते.

काही घरांत दुसरी युक्ती करतात. मांडीवर बाळ घेऊन दोघांभोवती मिळून एकच सीट बेल्ट लावतात. ते तर अधिक घातक. तेथे मोठ्या माणसाचे चौदापट झालेले वजन बाळावर येते आणि बाळ शरीर व पट्टा यांच्यामध्ये दबते.

एका सवलतीची कहाणी

मांडीचा हा मोह केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांना गाडीत सुरक्षित आसनावरच बसवावे, यासाठी चिकाटीने प्रयत्न केले. १९७७ साली तेथे तसा कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला. त्या देशातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. परंतु तो संमत होताना त्यात एक सवलत घुसली : मूल मोठ्या माणसाने हातांत धरले असेल, तर आसन नसले तरी चालेल. डॉ. सँडर्स या सवलतीला ‘मुले चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. तिच्याविरुद्ध ते पुन्हा झगडले आणि १९८१ मध्ये ती रद्द झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांच्या आसनाविषयी कायदे झाले.

ही कहाणी वाचताना मला आमच्या माळ्यावरचे खोके आठवले. माझ्याही घरी नियम होता आणि मीच त्यातली सवलत होते.

त्या देशाच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानानुसार, मोटारीत योग्य आसन वापरल्यास एक वर्षाच्या आतील बाळांचा जीवघेण्या इजेचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

आपल्या देशातही कायदा आहे. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी नुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट वा बालआसन यांनी सुरक्षित न करता गाडी चालविल्यास एक हजार रुपये दंड होतो. पण दंडाच्या भीतीने ही गोष्ट करावी, असे मला वाटत नाही. ओठावरचे दोन टाके मला त्याहून महाग पडले.

आसन कोणते निवडावे?

बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांत कूर्चेचा भाग बराच असतो. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी धरले, तरी टक्कर होताच डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. म्हणून लहान बाळाचे आसन उलटे, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल असे बसवितात. मग आघात पाठ, मान आणि डोके यांवर सारखा विभागला जातो आणि आसनाची पाठ तो झेलते.

आमच्या घरी पहिला आक्षेप येथेच निघाला. ‘‘बाळाचे पाय आखडतात, त्याला पुढचे काही दिसत नाही,’’ असे आजोबा म्हणाले. पाय दुमडून बसणे हे मुलांना जड जात नाही. घरीही ती तशीच बसतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये दिलेला सल्ला असा, की आसनाच्या उत्पादकाने उलट्या स्थितीसाठी ठरविलेली वजनाची वा उंचीची कमाल मर्यादा गाठेपर्यंत मुलाला उलटेच बसवावे. पहिला वाढदिवस झाला म्हणून आसन सुलटे करण्याची घाई करू नये.

विकत घेताना खोक्यावरील चित्र पाहू नये, लेबल पाहावे. युरोपीय आर-४४ या जुन्या प्रमाणात आसने वजनावरून ठरतात : १३ किलोपर्यंतच्या बाळांसाठी उलटे आसन, ९ ते १८ किलोंसाठी पुढचा गट आणि त्यानंतर मोठ्या मुलांसाठी बूस्टर. आर-१२९ या नव्या प्रमाणात उंची पाहतात आणि किमान १५ महिन्यांपर्यंत उलटे बसविणे बंधनकारक आहे. भारतीय प्रमाण एआयएस-०७२ हे आहे. यांपैकी कोणत्याही प्रमाणाची खूण नसलेली आसने केवळ स्वस्त आहेत म्हणून घेऊ नयेत. दुकानात जाण्यापूर्वी बाळाचे वजन आणि उंची मोजून लिहून न्यावी आणि शक्य असल्यास आसन आपल्याच गाडीत बसवून पाहावे.

आपल्या घरांत पाळणा पिढ्यान् पिढ्या चालतो. आजोबा ज्यात झोपले, त्यातच नातू झोपतो. कार सीटला हा न्याय लावता येत नाही. तिचे प्लॅस्टिक उन्हाने आणि काळाने कमकुवत होते, म्हणून तिच्यावर वापराची मुदत छापलेली असते. मोठ्या अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली, तरी ती पुन्हा वापरू नये. जिचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नाही अशी जुनी सीट कोणी प्रेमाने दिली, तरी नम्रपणे नाकारावी.

बसविण्यातील बारकावे

चांगले आसन चुकीचे बसविले, तर त्याचा उपयोग बराच उणावतो. माळ्यावरून सीट उतरविल्यावर आम्ही तिची माहितीपुस्तिका वाचली आणि गाडीचीही वाचली. त्यातून जे शिकलो, ते थोडक्यात असे :

बाळाचे आसन नेहमी गाडीच्या मागच्या बाकावर असावे. पुढे, एअरबॅग चालू असलेल्या जागी उलटे आसन कदापि ठेवू नये. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि आसनाच्या पाठीवर आदळून बाळाचा जीव घेऊ शकते.

नव्या गाड्यांत बाकाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत आयसोफिक्सचे दोन लोखंडी आकडे असतात. आसन त्यांत अडकविता येते. नसल्यास गाडीच्या सीट बेल्टने आवळता येते. दोन्हींपैकी पुस्तिकेत सांगितलेली रीत वापरावी. मग ज्या ठिकाणी पट्टा आसनातून जातो, तेथे धरून हलवून पाहावे. आसन अडीच सेंटिमीटरहून अधिक सरकता कामा नये.

बाळाला बांधणारा पट्टा पाच ठिकाणी धरतो : दोन्ही खांदे, दोन्ही कुल्ले आणि मांड्यांच्या मध्ये. उलट्या आसनात खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून निघावेत. सुलट्या आसनात खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वरून. बकल लागल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली, तर पट्टा सैल आहे असे समजावे.

लग्नसमारंभाला जाताना बाळाला जाड शेरवानी, स्वेटर वा फुगीर झबले घालून पट्टा लावू नये. आघाताच्या वेळी कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. साधे सुती कपडे घालून बांधावे, थंडी असल्यास वरून शाल पांघरावी आणि मंगल कार्यालयात पोहोचल्यावर नटवावे.

लांबच्या प्रवासात साधारण दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर घ्यावे. मुक्कामी पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला आसनातच राहू देऊ नये. लहान बाळाची मान पुढे झुकून श्वास कोंडू शकतो. उभ्या गाडीत तर मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. उन्हात बंद गाडी काही मिनिटांतच तापते. बकलचा धातूही तापतो. लावण्यापूर्वी त्याला हात लावून पाहावा. शेंगदाणे, फुटाणे असे घशात अडकणारे पदार्थ धावत्या गाडीत मुलाच्या हाती देऊ नयेत. स्टीलचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या मागच्या काचेजवळ मोकळ्या ठेवू नयेत; टक्कर झाली की त्याही त्याच वेगाने पुढे येतात.

रडू आणि रुसवा

पहिले चार दिवस नातवाने आकांत केला. आसन आधी दिवाणखान्यात ठेवले. त्यात बसून तो खेळू लागला. मग उभ्या गाडीत, मग गल्लीतल्या फेरीत. पट्टा लागल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि मध्येच पट्टा काढला तर गाडी थांबते, हे दोन नियम त्याला लवकर उमगले. त्याच्याहून आम्हा मोठ्यांनाच ते उमगायला वेळ लागला.

एकत्र कुटुंबात हीच खरी अडचण असते. आईने बांधायचे, आजीने सोडवायचे, काकांनी पेढीपर्यंत पुढे बसवून न्यायचे. ‘‘इथेच तर जायचे आहे’’ हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे. उसाच्या ट्रॉल्या मात्र जवळच्या रस्त्यावरही उभ्या असतात. म्हणून आता आमच्या घरी ठरले आहे, की गाडी कोणाचीही असो, चालविणारा मुलगा असो वा चालक, अंतर एक किलोमीटर असो वा शंभर, सवलत कोणालाही नाही. पेढीच्या गाडीसाठी दुसरे आसन घेतले.

हा नियम मोठ्यांनाही आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. मागच्या बाकावरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मागे बसलेल्याला पट्ट्याची गरज नाही, हा समज त्या दिवशी साऱ्या देशासमोर खोटा ठरला. शिवाय पट्टा न लावलेला मोठा माणूस शेजारच्या बाळावरही आदळू शकतो.

समाजबांधवांना एक सुचवावेसे वाटते. बाळंतविड्यात आपण दुपटी, झबली, चांदीचा वाटी-चमचा हौसेने देतो. ज्या घरी गाडी आहे, तेथे आजोळकडून त्यांच्याबरोबर एक प्रमाणित कार सीटही जावी. नवी गाडी घेताना रंग आणि मुहूर्त पाहतो, तसे भारत एनकॅपचे तारेही पाहावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेला वेगवेगळे तारे मिळतात. आणि सासरी आलेल्या सुनेने बाळाच्या सुरक्षिततेविषयी काही विचारले, तर तो आपल्या मायेचा अपमान समजू नये. ती चूक मी केली आहे.

आता मी मागच्या बाकावर नातवाच्या शेजारी बसते. त्याचे आसन अजून उलटेच आहे, त्यामुळे तो माझ्याकडे पाहत प्रवास करतो. बाहुबलीस आम्ही पुन्हा जाऊन आलो. वाटेत त्याने माझे बोट धरले आणि बोट धरूनच तो झोपी गेला. परतताना पुन्हा एकदा ब्रेक लागला. त्याची झोप मोडली नाही.