अण्णांची हेरॉल्ड

नगरकरांना गाड्यांचे वेड नवे नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस नगरहूनच पुण्याला निघाली आणि १९९४ पासून इथले रणगाड्यांचे संग्रहालय पाहायला बाहेरगावचे पाहुणे येतात. आमच्या सावेडीतल्या घरी मात्र पाहुण्यांना दाखवण्यासारखी एकच वस्तू होती : अण्णांची स्टँडर्ड हेरॉल्ड.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ मध्ये ही गाडी भारतात आणली. मूळची ती इंग्लंडची ट्रायम्फ. तिचे रूप इटलीच्या मिकेलोत्ती यांनी रेखाटलेले. इंजिन ९४८ सी.सी.चे, दारे दोनच. तिच्यावरूनच ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार काढली. ‘आपली गाडी स्पिटफायरची थोरली बहीण,’ असे अण्णा ऐटीत सांगत. मला मात्र तिला हात लावायची मुभा नव्हती. काचेवर बोट उमटले तरी ओरडा बसे. मोठा झालो तसा गाडीचा राग वाढत गेला आणि अण्णांपासूनचे अंतरही.

आई गेली आणि अण्णांचे बोलणे जवळजवळ थांबले. बारा वर्षे गाडी ताडपत्रीखाली जागची हलली नव्हती. मी भंगारवाल्याशी भाव ठरवला आणि रात्री जेवताना अण्णांना सांगितले. ते रागावले नाहीत. ‘न्यायच्या आधी एकदा तिचं बॉनेट उघडून बघ,’ एवढेच म्हणाले.

हेरॉल्डचे बॉनेट म्हणजे मडगार्ड-दिव्यांसकट सगळा पुढचा भाग. तो पुढे कलला की इंजिन मोकळे होते आणि चक्क टायरवर बसून काम करता येते. एका टायरवर अण्णा, दुसऱ्यावर मी. इतकी वर्षे आम्ही असे समोरासमोर कधी बसलोच नव्हतो.

भंगारवाला हात हलवत परत गेला. आम्ही कार्बुरेटर पेट्रोलने धुतला, पॉइंट घासले, ब्रेकचे अडकलेले व्हील सिलिंडर सोडवले. काही सामान पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून मिळाले, काही लेथवर करून घेतले. अण्णांचे हात थरथरत, म्हणून ते सांगत आणि मी करी. एकदा माझ्या हातून प्लग फुटला. आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. अण्णा म्हणाले, ‘माझ्याकडून तीन फुटले होते. तुझ्या आईला एकच सांगितला.’ आई गेल्यावर तिचा विषय त्यांनी प्रथमच काढला होता.

आठ महिन्यांनी गाडी सुरू झाली. एका रविवारी पहाटे इमामपूर घाटाकडे निघालो. अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारी बसले. मागे त्यांचा नातू. ‘वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडू नकोस, हिची मागची चाकं दगा देतात,’ ते सांगत राहिले. घाट चढून थांबलो तेव्हा हळूच म्हणाले, ‘ही घेताना तुझ्या आईनं पाटल्या मोडल्या होत्या. त्या परत करून देणं काही जमलं नाही. म्हणून हिला इतका जपायचो. तुला मात्र उगीच दूर ठेवलं.’

काय बोलावे ते मला सुचेना. मी नुसती गाडी वळवली.

घरी आल्यावर पाहिले, तर मागच्या काचेवर नातवाच्या पाची बोटांचे ठसे. मी फडके घेऊन पुढे झालो, तसे अण्णा म्हणाले, ‘राहू दे रे.’